नोंद क्रमांक २१७

भूतबीत मी मानत नाही. आधीच सांगतो, कारण इथे असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण हेच सांगतो आणि मी वाचताना दरवेळी हसतो... आता माझी पाळी. कॉम्प्युटर वेड्यासारखा वागला की त्यामागची माणसाची चूक शोधून काढायची, हेच माझं काम. आजवर दरवेळी सापडली आहे. हे एक सोडून. (नावं बदलली आहेत.)

श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. मागे सुपारीची वाडी, पुढच्या पडवीत माझं टेबल, आणि तिथून चालत सात मिनिटांवर बंदर. जगभरातले काही लोक मिळून एक डेटाबेस सॉफ्टवेअर लिहितात, कुणीही फुकट वापरावं असं. मी त्यातला एक. दुसरा आसिफ — बंदराजवळच्या मोहल्ल्यातला, शाळेपासूनचा दोस्त, आता नोकरीसाठी माणगावला असतो.

कोड बदलला की सॉफ्टवेअर नव्याने बांधायचं, म्हणजे बिल्ड करायचं, आणि मग त्यावर शेकडो टेस्ट चालवायच्या. त्यातली एक टेस्ट मी लिहिलेली. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या वहीतल्या मागच्या वर्षीच्या नोंदी मी त्यांना विचारून टाइप केल्या होत्या — होडी कुठली, नाखवा कोण, कधी गेला, कधी परतला. टेस्टचा प्रश्न एकच: न परतलेल्या होड्या किती? उत्तर शून्य. त्या वर्षी सगळे परतले होते.

नोव्हेंबरमधला दिवस, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत. माझी दोन महिने रखडलेली दुरुस्ती दुपारी एकच्या आत पाठवली नाही, तर नव्या आवृत्तीत जाणार नव्हती. सकाळी दहाला बिल्ड केलं. टेस्ट फेल.

न परतलेल्या होड्या: १. नोंद क्रमांक २१७.

मी टाइप केलेली मूळ फाइल तपासली. एकाही ओळीत परतीची वेळ रिकामी नव्हती. सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं. २१७. मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा २१७. डोकं सणकलं होतं. आसिफला चॅटवर सगळं पाठवलं. त्याने माणगावला तोच कोड, त्याच नोंदी चालवल्या.

"माझ्याकडे पास आहे यार. तुझं मशीन भंगार झालंय, मंद्या."

"मग काय करू? एकला बंद होणार."

"स्किप मार. नंतर बघू."

स्किप म्हणजे ती टेस्ट चालवायचीच नाही, म्हणजे फेल व्हायचा प्रश्नच नको. आमच्या धंद्यातलं हे जुनं पाप, सगळेच करतात. मी केलं. साडेदहाला सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, दुरुस्ती पाठवली आणि निवांत आंघोळीला गेलो.

साडेबाराला, आमच्या दुरुस्त्या तपासणाऱ्या परदेशातल्या बाईंचा प्रश्न आला. ही टेस्ट का गाळली? २१७ मध्ये नेमकं काय आहे?

खरं सांगतो, चिडलो. त्यांना दाखवावं म्हणून टेस्टच्या डेटाबेसमधली ती नोंद पहिल्यांदा उघडली. तोवर माझ्यासाठी तो नुसता एक आकडा होता.

होडी — नूर. नाखवा — आसिफचे अब्बा. परतीची वेळ — रिकामी.

नोंद मागच्या वर्षीची होती, हे मला कळत होतं. तरी खुर्चीवरून उठलो. आसिफला फोन लावला.

"अब्बा आज गेलेत का रे?"

"हां, फजरची नमाज पढून पहाटेच गेले. एकटेच. तीनला येतील भरतीबरोबर. का?"

"असंच," म्हणालो आणि बाईक काढली.

बंदरावर धर्माकाका जाळं विणत बसले होते. सोसायटीची वही तेच लिहितात.

"काका, एक होडी काढा. नूर बघून येऊ."

"आरं, म्हातारा तीनशिवाय येत न्हाय. काय झालाय काय?"

"काही नाही झालेलं. पण चला. पाया पडतो."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जाळं बाजूला ठेवून उठले. होडी काढून खाडीच्या तोंडावरच्या टेकाडाला वळसा घातला आणि नूरचं निळं बूड दिसलं. होडी उलटी होती. अब्बा तिच्या कडेला, उजव्या मनगटाला दोरी गुंडाळून लोंबकळत होते. डोळे उघडे होते. जाळं इंजिनच्या पंख्यात अडकलं, सोडवायला वाकले आणि होडी कलंडली. साडेनऊचा सुमार असेल, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांना दवाखान्यात सोडून संध्याकाळी घरी आलो आणि ती टेस्ट चालवली. कोडचं एक अक्षर बदललं नव्हतं.

न परतलेल्या होड्या: ०.

त्यानंतर कितीतरी वेळा चालवून पाहिलंय. नेहमी पास. मेमरी तपासली, डिस्क तपासली, माझ्याहून हुशार लोकांना लॉग दाखवले. कुणाकडेच उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

अब्बा वाचले, पण दोरीने रक्त अडून काळी पडलेली दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर वाचली असती. अब्बा आता समुद्रावर जात नाहीत. दर शुक्रवारी डाव्या हाताने मांदेलीची पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, "बेटा, तू वेळेवर आलास."

मी पिशवी घेतो. टेस्ट दहालाच फेल झाली होती, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर आसिफचंही नाव निघेल.

त्या संध्याकाळी मी आमचं चॅट उघडलं होतं. "तुझं मशीन भंगार झालंय" तसंच होतं. त्याच्याखालचा माझा प्रश्नही होता, पण त्यावरचा "स्किप मार" आसिफने डिलीट केला होता. मी त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.