मामाचा इंग्रजी शब्द

बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द घोकताना मला ‘अव्हंक्युलर’ भेटला. अर्थ दिला होता, काकांसारखा प्रेमळ वडीलधारा. माझं डोकंच फिरलं. आमच्या भिलाईत सेक्टरमधला प्रत्येक बाप्या ‘अंकल’. त्यासाठी एवढा लांबलचक शब्द कशाला पाठ करायचा?

मग खाली मूळ वाचलं. लॅटिनमध्ये काकाला शब्दच वेगळा होता. हा आला होता आईच्या भावावरून, आणि त्याचा मूळ अर्थ ‘छोटे आजोबा’. म्हणजे मामाच की! इंग्रजांनी काका-मामा एकाच पोत्यात भरले, तरी या शब्दाच्या पोटात मामा बसूनच राहिला. मला तो एकदम आवडून गेला.

पोळ्या लाटणाऱ्या आईला मी हे सांगितलं.

“तुले मामाच नाई, त्या शब्दाचं काय लोणचं घालतं?” ती म्हणाली.

आईला भाऊ नव्हता. माझं लग्न ठरलं होतं आणि नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. बाबा म्हणायचे, गोंदियाचा काका आणेल. ते आईला फार लागत होतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये केरळचे अंकल राहायचे, बाबांबरोबर स्टील प्लांटमध्ये कामाला. लहानपणी त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहूनच मी शाळेत जायचे. आई त्यांना दादा म्हणायची. संध्याकाळी ते चहाला आले, तेव्हा मी त्यांनाही शब्द ऐकवला.

“हमारे केरल में तो घर माँ के नाम से चलता था, मामा से पूछे बिना पत्ता नहीं हिलता था,” ते हसत म्हणाले.

आईनं कप खाली ठेवला. “दादा, मले भाऊ नाई. पोरीले मांडवात तुमीच आना.”

त्यांचं हसू थांबलं. “मैं तो बाहर का आदमी हूँ, भाभी. चलेगा?”

“मी विचारून नाई राहिली. सांगून राहिली.”

परीक्षेत तो शब्द आलाच नाही.

लग्नात गुरुजींनी मामाला हाक मारली. जरीकाठी पांढरं मुंडू नेसलेले अंकल पुढे आले आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. गोंदियाच्या आत्यानं आईला कोपरानं ढोसलं. “हे कोन वं?”

“माहा भाऊ,” आई म्हणाली.