व्हर्बिनाला खत घालू नये

आमच्या घरात कुणी उपाशी राहिलेलं सासूबाईंना चालत नाही. माणसं, मांजरं, माड, कुंपणावरचा कावळा, सगळ्यांना वेळच्या वेळी मिळालंच पाहिजे. त्यामुळे गोव्यातल्या मांद्र्याच्या या अंगणात मी पहिल्यांदा व्हर्बिना लावली तेव्हा तिचं जे व्हायचं तेच झालं. मासळी धुतलेलं पाणी सासूबाई रोज तिच्या मुळाशी ओतायच्या. वर शेणखत, चुलीची राख. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, अंगाने भरली, फूल मात्र नावाला. आणि एका सकाळी उठून बघते तर सगळी रांग आडवी.

बी दिलं होतं आमच्या मागच्या खोलीत दर हिवाळ्यात भाड्याने उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने. कागदाची पुडी हातात देताना तिने खुणा करून करून बजावलं होतं, हिला खायला घालू नको. मी ते घरात सांगितलं, पण सुनेचं कोण ऐकतं?

दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटले. उरलेली पुडी फ्रीजमध्ये बांगडे मासळीच्या डब्याशेजारी ठेवली, कारण या बियांना आधी थंडी लागते. चतुर्थी उरकल्यावर, पाऊस ओसरला की बी नुसतं मातीवर भुरभुरवायचं, वर माती ओढायची नाही. उजेड दिसल्याशिवाय ते डोळे उघडत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. जागा उन्हाची, पाणी साचणार नाही अशी. आणि खत नाही. मी कुंपणालगतची चिऱ्यांच्या भुग्याची जागा निवडली, जिथे गवतही रडतखडत वाढतं.

"ह्या काय गो? झाडाक कोण उपाशी मारता?" सासूबाईंनी विचारलं.

मी मासळीच्या पाण्याचं भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माडाला ओतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या हातातून मी काही काढून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

नाताळाच्या सुमाराला ती फुलली. सडपातळ, चौकोनी, हाताला खरखरीत दांडे, वर जांभळ्या फुलांचे लहान लहान गुच्छ. पानं सगळी खालीच, त्यामुळे एवढी उंच असून ती काही झाकत नाही. स्वयंपाकघरात उभं राहिलं की तिच्या आरपार समुद्राकडे जाणारी वाट दिसते. स्कूटरवरून हरमलला निघालेली पोरं दिसतात, पाठीवर पिशव्या अडकवून चाललेल्या एकट्या बायका दिसतात. एकट्या! कुठे जातेस, कधी येशील, जेवण करून ठेवलंस का, असं त्यांना कुणी विचारत नाही. मला फार हेवा वाटायचा. अजून वाटतो.

सासूबाई एकदा रांगेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बरा आसा. खाणा ना, पिणा ना, आणि ताठ उभी रवता. सून व्हयी तर अशी." आम्ही दोघी हसलो. मी जरा कमीच हसले.

माझं माहेर डिचोलीचं. तिथे एक मोठी नर्सरी आहे. तिची मालकीण आमच्याकडे एका पाहुण्याला भेटायला आली आणि ही रांग बघून थबकली. कोकणाच्या दमट हवेत हे झाड तिने बऱ्याचदा लावलं होतं आणि दर वेळी ते सडलं होतं. मी तिला पडवीतल्या कुंड्या दाखवल्या. पावसाळ्यात काही झाडं मी छपराखाली ओढून घेते, बुंध्यापर्यंत कापते आणि जवळजवळ कोरडीच ठेवते. दवाने पानांवर पांढरी भुकटी चढली की ती पानं खुडते. बाई ऐकत राहिल्या आणि मग सरळ म्हणाल्या, माझ्याकडे ये. रोपवाटिका तू बघ. आठवडाभर आईकडे राहा, शनिवारी घरी जा.

त्या दिवशी मी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालताना गुणगुणत होते. कुणीतरी आपल्याला आपल्या कामासाठी बोलावलंय, ही काय चीज असते ते मला तोवर माहीत नव्हतं. मला जायचं होतं. इतकं मला दुसरं काही कधी हवंसं वाटलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "माजी ना नाय. पप्पांक विचार." त्याची कशालाच ना नसते, हो सुद्धा नसते.

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. "देवाक विचारूया. तो सांगतलो तसा करूया."

आमच्याकडे हे असंच असतं. लग्न, जमीन, विहीर, काहीही अडलं की ग्रामदेवाचा कौल घ्यायचा. पिटकोळीच्या कळ्या पाण्यात भिजवून भटजी देवाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात. घरचा कर्ता प्रश्न घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाची खुशी, डावी पडली तर नाही. माझा यावर विश्वास आहे. कुणी हसलं तर मला राग येतो.

सोमवारी देवळात गेलो. मी बायकांत मागे उभी होते, मनातल्या मनात देवाला विनवत. सासऱ्यांनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "देवा, सून घरात रवान घर सांभाळता, ह्यातच तुजी खुशी आसात तर उजवी दी."

हा माझा प्रश्न नव्हता. पण देवासमोर घातलेलं गाऱ्हाणं मध्येच कोण तोडणार? सगळे श्वास रोखून बघत होते. उजवी कळी टपकन पडली.

सासऱ्यांनी ती कळी माझ्या ओंजळीत ठेवली, किती मायेने! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाटलं, भक्तीचं. "बघ, देवाक पण तू घरातच व्हया," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्यातल्या एकाने जरी वाईट वागायचं ठरवलं असतं, तर मला भांडता आलं असतं.

काही दिवसांनी नर्सरीच्या बाई टेम्पो घेऊन रोपं न्यायला आल्या. मी तयार केलेले सगळे ट्रे आम्ही दोघींनी वर चढवले.

"आणि तू गो बाय? कधी येतंस?"

"कौल घेतलो ताई. देवान नाय म्हटल्यान."

"काय विचारलात देवाक?"

मी सांगितलं. बाई मागचं फळकूट लावता लावता थांबल्या.

"बरा. आणि सुनेक जावंदे काय, ह्या कोणी विचारल्यान?"

मी फळकुटाची कडी लावली. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी व्हर्बिनाच्या आरपार बघत राहिले. माझी रोपं माझ्या माहेरी चालली होती.

तसं म्हटलं तर मीच जाऊन विचारू शकते. पण घेतलेला कौल परत विचारणं म्हणजे देवावर अविश्वास, गावात ते कुणी करत नाही. शिवाय विचारायला कर्ता लागतो. सासऱ्यांना मी काय सांगू, तुम्ही प्रश्न चुकीचा घातलात?

एकदा मागची खोली साफ करत होते. दुपार होती, घर झोपलेलं. बाहेरून व्हर्बिनाची दोन फुलं खुडून आणली, बादलीत बुडवली आणि जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचेला चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. पिटकोळीची कळी चांगली जाड असते. व्हर्बिनाचं एक फूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. हात जोडून हळूच म्हणाले, जाऊ का?

उभी राहिले. पाणी ओघळून गेलं. डावं पडलं नाही. उजवंही पडलं नाही.

"जनेल पुसलंस काय गो?" जाग्या झालेल्या सासूबाईंची हाक आली.

"पुसलंय," मी म्हटलं.

नवे पाहुणे आले, ते राहून गेलेही. ती दोन्ही फुलं काचेवर वाळून तशीच चिकटून बसली आहेत. मी रोज त्यांच्या भोवतीने फडकं फिरवते.