चाचींनी सांगितलेला शेवट

लहानपणीची ती मालिका नव्याने येणार असं कळलं तेव्हा आनंद झाला नाही, रागच आला. जुनं काही धड ठेवायचं नाही असा या लोकांचा पणच असतो. तरी रविवारी संध्याकाळी पाचला मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलेच.

गोष्ट साधी होती. घाटापलीकडे गेलेली आई परत येत नाही आणि तिची मुलगी रोज खिडकीत कंदील लावून ठेवते. जुन्या मालिकेतली मुलगी तेल चोपडून वेण्या घातलेली, आमच्यातलीच वाटायची. ही नवी थेट पार्लरमधून उठून आलेली. कंदील मात्र तसाच होता. तो लागला आणि मी कप खाली ठेवला.

जुन्या मालिकेचा शेवटचा भाग मी पाहिलाच नव्हता. तो लागायच्या तीन दिवस आधी माझी आई गेली. मी नऊ वर्षांची होते. सुतकात आमच्या टीव्हीवर चादर पडली. भोरच्या आमच्या याच गल्लीत समोरच्या घरी चाची तेव्हाही शिलाई मशीन चालवायच्या. मी त्यांच्या मागे लागले, "तिची आई परत आली का हो?"

चाची सुईत दोरा ओवत होत्या. "आली की," त्या म्हणाल्या. "दिवेलागनीला आली. दाराला कडी न्हवती, म्हनून सरळ आत आली."

झालं. त्या दिवसापासून दिवेलागणीला मी कडी लावणं सोडलं. वडील भाटघरच्या कामावरून येईपर्यंत घरात मी एकटी आणि दार नुसतं लोटलेलं. वाऱ्याने ते कुरकुरलं की मी वहीतून मान वर करायची. वडील म्हणायचे, "चोराला आवतण कशाला देतेस?" आई येणार नाही हे मला कळत होतं. दहावीत कळत होतं, नोकरी लागल्यावरही कळत होतं. पण कडीला हात लावला की वाटायचं, आत्ता ती गल्लीच्या तोंडाशी आली असली तर?

नव्या मालिकेच्या शेवटच्या भागात आई आलीच नाही. मुलीने कंदील विझवला, खिडकी लावून घेतली आणि पडद्यावर नावं सरकू लागली. मी तणतणत समोर चाचींकडे गेले.

"चाची, शेवट बदलला मेल्यांनी! आई येतच नाही!"

चाचींनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. "मूळचा शेवट मला तरी कुठं ठावं?"

"तुम्ही पाहिला होतात ना?"

"तुजी आई गेल्याली आन् आमी टीव्ही लावनार व्हय? गल्लीत कुनीच न्हाई लावला. पर तू रोज इचारायचीस. म्या काय सांगनार?"

इतकी वर्षं मी त्या एका वाक्यावर आईची वाट पाहिली होती. रडू फुटलं ते ती आत्ताच गेल्यासारखं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. कडीवर हात ठेवून उभी राहिले, पण ती सरकवेना. समोर चाची उंबऱ्यात आल्या. त्यांचंही दार सताड उघडं होतं. या वेळी ते रोजच उघडं असायचं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"लाव आता कडी," त्या म्हणाल्या. "पोर येकली, दार उघडं. तुज्यावर नजर ठेवाया म्या बी इतकी वर्सं लावली न्हाई."