‘सापडला’ न म्हणणाऱ्या वत्सलाताई

सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता पंचाहत्तरी गौरव समितीची निमंत्रणपत्रिका नांदेड-लातूरच्या साऱ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेली. तिच्यावर डॉ. वत्सलाताईंच्या नावाआधी ‘मल्टिपल स्क्लेरोसिसचा जंतू शोधून काढणाऱ्या’ असे छापले आहे. ताईंनी असा जंतू शोधलेला नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला विशेषणे चढवताना आपल्याकडे कोणी हात आखडत नाही. पण हे विशेषण एका रुग्णाला भोवले असते, म्हणून आधी ते सांगितले.

ताईंची ओळख झाली तेव्हा मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. लातूरहून एसटीने, नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण कुरतडते. ती बिथरण्यामागे आतड्यातला एखादा विष सोडणारा जिवाणू असेल का, हा ताईंचा प्रश्न होता. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत तसा जिवाणू दिसताच मी ओरडले, “सापडला!”

“थांबा बाई,” ताई म्हणाल्या. “घरच्या धडधाकट माणसांचं बी बघू.”

नमुने द्यायला रुग्णांच्या जावा-नणंदा लाजल्या, तेव्हा ताईंनी पहिली डबी स्वतःची दिली. तिच्यातही तोच जिवाणू निघाला. “घ्या! मी तर बिलोलीपर्यंत चालत जाऊन यीन,” म्हणून त्या पोट धरून हसल्या. तो जिवाणू आजार घडवतो, की आजारामुळे वाढतो, की नुसताच तिथे राहतो, हे आजही ठरलेले नाही. व्यासपीठावर कितीही टाळ्यांचा मोह असला तरी ताई ‘शक्यता आहे’ याच्या पुढे जात नाहीत.

उन्हाने या रुग्णांचा त्रास बळावतो. म्हणून उन्हाळ्यात ताईंचा दवाखाना उजाडताच उघडतो. ज्यांना पायरी चढवत नाही, त्यांना त्या रिक्षातच तपासतात. रिक्षावाल्याने कुरकुर केली तर त्याचाही रक्तदाब बघतात.

बुधवारी मी तिथेच बसले होते. अहमदपूरच्या अर्चना नावाच्या शिक्षिका नवऱ्याचा हात धरून आल्या. ताईंच्या जुन्या रुग्ण. हातात पेढ्यांचा पुडा.

“ताई, जंतू सापडला म्हनं! मी कालचं इंजेक्शन घेतलंच न्हाई. मेडिकलवरून जंतू मारायच्या गोळ्या आणल्या.”

ताईंनी पुडा बाजूला ठेवला. “अर्चना, त्यो नुसता संशयित हाय गं. गोळ्या बंद. इंजेक्शन आत्ता घ्यायचं, माझ्यासमोर.”

नवरा म्हणाला, “लग्नात पोराचा पगार फुगवून सांगतेत, तसंच का हे बी?”

अर्चनाताई रडू लागल्या. ताई इंजेक्शन होईपर्यंत त्यांचा हात धरून बसल्या. समितीविषयी एकही वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. ते काम मी करते आहे.

अर्चनाताई पेढे घेऊन आल्या, म्हणून कळले. धर्माबाद, बिलोलीकडे आणखी कोणी घरीच आनंद मानून औषध सोडले असेल, त्याचे काय?

ताईंना निरोगी शंभरी लाभो आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या डोळ्यांदेखत मिळो. तोवर ते आपण छापू नये. पत्रिका ज्या ज्या गटांवर गेली, त्या प्रत्येक गटावर ‘जंतू सापडलेला नाही, औषध सोडू नका’ अशी दुरुस्ती गेल्याचे, समितीच्या अध्यक्षांच्या सहीचे लेखी उत्तर मला येत्या शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत मिळाले पाहिजे.