जुन्या पद्धतीचा पहिला मान

नांदूरघाटच्या आमच्या घरात माझ्या कामाला कुणी काम म्हणत नसे, ‘कुरकुर’ म्हणत. चाचण्यांसाठी मुद्दाम ठेवलेली जुनी हार्ड डिस्क वाचू लागली, की जात्यात हरभरे पडल्यासारखा आवाज येई. शेजारी ज्वारी निवडणाऱ्या थोरल्या जाऊबाई विचारत, “काहून कण्हतंय गं हे? दुखतंय का काय त्याला?”

कवितेचा अभ्यास करून मी संगणकाच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, येऊन पडले होते, आणि तिथे माझे मन एकाच गोष्टीत रमले: आगाऊ वाचन. प्रोग्राम फाइलचा एक तुकडा मागतो, तेव्हा कर्नेल अंदाजाने पुढचे तुकडेही डिस्कवरून मेमरीत आणून ठेवतो. किती आणायचे, एवढाच प्रश्न. जाऊबाईंना मी ते पंगतीच्या भाषेत सांगितले: पाहुण्याची भाकरी अर्धी झाली, की न विचारता दुसरी वाढायची.

“अन् पाव्हणा मधीच उठला तर?”

“तर भाकरी वाया.”

“मग त्यात शिकायचं काय? त्वांड बघून वाढावं.”

माझी पद्धत नेमकी हीच होती. जुनी पद्धत प्रत्येकाला ठरावीक माप वाढी. माझी मात्र वाचणाऱ्याची भूक पाहून माप दुप्पट करत नेई. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडे पटले, तर ती पुढच्या आवृत्तीत घेऊ, असे पुण्याच्या वरिष्ठांनी सांगितले होते. कर्नेलमध्ये जाणारी माझी ती पहिलीच रचना ठरली असती. कवितेच्या छापील ओळीसाठीही मी कधी इतकी आतुर झाले नव्हते.

प्रत्येक चाचणीआधी मेमरी रिकामी करण्याची आज्ञा द्यायची असते. पण आमच्याकडे वीज जाई, येई, यंत्र नव्याने उठे आणि मेमरी आपोआप कोरी होई. तेव्हा ती आज्ञा मी देतच नसे. वीज आली, की आधी जुनी पद्धत चालवायची, लगेच मागून माझी. थोरल्यांची पाने आधी, सुनांची नंतर. असा क्रम मी ठरवला नव्हता. हाताला तेच वळण होते. आणि माझी पद्धत दरवेळी जुनीला मैलभर मागे टाकी. गुरुवारी मी तो भव्य आकडा वरिष्ठांना फोनवर ऐकवलादेखील.

शुक्रवारी दुपारी आकडे पाठवण्याआधी केवळ सुखासाठी मी चाचणी पुन्हा लावली आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरातून भाजत्या शेंगदाण्यांचा वास येत होता. जुनी पद्धत चालू होती, तोवर डिस्क दमेकऱ्यासारखी कण्हत राहिली. मग माझी सुरू झाली आणि खोलीत शेंगदाण्यांची तडतड तेवढी उरली. डिस्क गप्प! माझी पद्धत डिस्ककडे फिरकतच नव्हती. जुनीने घाम गाळून मेमरीत आणलेली फाइल तिथेच होती, आणि माझी लाडकी त्यातूनच ऐटीत वाढत होती.

जाऊबाईंना सांगितले, तेव्हा त्यांना हसू आवरेना. “म्हंजी भाकऱ्या मी थापायच्या अन् नाव तुजं! ह्यात नवीन काय हाय?”

वीज होती तोवर, प्रत्येक वेळी मेमरी रिकामी करून, कधी माझी आधी तर कधी जुनी आधी, मी साऱ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. सलग वाचनात माझी पद्धत पुढे राहिली, पण अगदी लोंबीच्या कुसाएवढी. फाइलचे तुकडे इथून-तिथून मागणाऱ्या विखुरलेल्या वाचनात ती सपशेल हरली. कुणी न मागितलेले वाढून वाढून तिने ताट भरून ठेवले होते. तो कोता आकडा पाठवताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. “कालचा आकडा कुठे गेला?”

“तो माझा नव्हता, सर. जुन्या पद्धतीने आणून ठेवलेलं माझी पद्धत वाढत होती.”

ते हसले. सलग वाचनापुरती तुमची घेऊ, बाकी जुनीच राहू दे, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. निम्मा का होईना. मग त्यांनी विचारले,

“बाई, तुम्ही आधी कोणती चालवत होतात?”

“जुनी, सर.”

“मीसुद्धा,” ते हळूच म्हणाले. “माझी स्वतःची पद्धत तपासताना मीसुद्धा तेव्हाची जुनीच आधी चालवली होती, आणि मधे मेमरी रिकामी केली नव्हती.” आणि त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.