अंदाज आधी, आंबा नंतर

डॉ. वसुधाताईंच्या साठीनिमित्त सगळे गोडच बोलणार, म्हणून तक्रार नोंदवण्याचं काम मी अंगावर घेतो. या बाईंच्या नवीन पनवेलच्या घरी आंबा सुखाने खाता येत नाही. कापण्याआधी प्रत्येकाने गोड की आंबट ते कारणासह सांगायचं. चुकेल त्याने पुढचा आंबा आणायचा. व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला प्रथम गेलो, तेव्हा रंग बघून मी ‘गोड’ म्हणालो आणि पहिल्याच फोडीला तोंड वाकडं झालं.

“रंगावर गेलात!” ताई खुशीत म्हणाल्या. “मी जन्मभर तेच करते.”

खरंच होतं ते. स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचा पातळ काप घ्यायचा, ठरावीक प्रथिनं असतील तिथे तपकिरी रंग चढवायचा आणि कोणते रुग्ण जास्त जगतील याचा अंदाज बांधायचा, हा ताईंचा अभ्यास. अंदाज आधी कपाटात बंद. रुग्णाचं काय झालं ते मागाहून बघायचं.

मोरा बंदरावरचे हिराजी कोळी मांडीतली गाठ काढल्यावर प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी तिथेच होतो.

“ताई, मी किती जगंन? कमी असंल तर पोरीचा लगीन आताच उरकतो. नर्सिंग राहिली तर राहू दे.”

“आजार गंभीर आहे, ते लपवत नाही. पण हा रंग अशा पुष्कळ गाठींबद्दल बोलतो, तुमच्या एकट्याबद्दल नाही. त्याच्या भरवशावर पोरीचं शिक्षण मोडू नका.”

पोर नर्स झाली. हिराजी अजून धक्क्यावर दोर बांधतात. ती नोकरीला लागली त्या उन्हाळ्यात ताई मला घेऊन मोऱ्याला गेल्या आणि हिराजींच्या हातात आंबा ठेवला.

“मी हरले, हिराजी. तुम्ही इतके जगणार नाही, असा अंदाज मी कपाटात ठेवला होता.”

“माझेवर पैज लावलीवती तू? आन् मना सांगितला पन नाय!”

“सांगितलं असतं तर पोरगी आज नर्स नसती. आता तुमची गाठ पुन्हा तपासू द्या. मी का चुकले ते कळायला हवं.”

“मी जिता हाय, येवरा पुरत नाय का तुला?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

त्या ‘का’चं उत्तर अजून सापडलेलं नाही. ते शोधायला ताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लागणार. ते लाभेल, असा माझा अंदाज आहे; कारण विचारू नये.

हा मजकूर द्यायला आलोय. ताई आत चहा टाकताहेत. पहिल्या भेटीतला आंबा माझ्याकडून राहून गेला होता. तो टेबलावर ठेवला आहे.