बाई लिहिल्याप्रमाणेच वागतात

आदरणीय कुसुम ढवळेबाईंची आणि माझी पहिली भेट जाफराबादेत, त्यांच्या घराच्या ओसरीवर, भर उन्हाळ्यात झाली. मी तेव्हा बियाण्यांच्या गोदामावर मदतनीस होतो. गोदामप्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा मला मिळायची होती. अट एकच, हैदराबादच्या मुख्य कार्यालयाला इंग्रजीत मेल स्वतः लिहिता आला पाहिजे. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेली. इंग्रजी म्हटलं की मला दरदरून घाम फुटायचा. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मोठ्या माणसांना कामापुरतं इंग्रजी लिहायला शिकवतात असं कळलं, म्हणून गेलो.

ओसरीवर गिरणीवाले, दुकानदार, अंगणवाडीच्या ताई बसलेल्या होत्या आणि पंखा बंद होता. बाई म्हणाल्या, काय हवं ते इंग्रजीत लिहून द्या. मला पंखा हवा होता. पण थोरामोठ्यांकडे मागायचं तर आधी नमस्कार, खुशाली, त्यांचा मोठेपणा, आपली अडचण, हे सगळं आलंच पाहिजे, असं आमच्याकडचं वळण. गाइडात बघून बघून मी पानभर लिहिलं. बाईंनी शांतपणे वाचलं, कागदाची घडी घातली आणि पदराने वारा घेत बसल्या. सगळे घामाने निथळत होते. शेवटी न राहवून मी विचारलं, बाई, वाचलं न्हाई का?

“वाचलं की. तुमचा नमस्कार पोचला. पण मी काय करू, ते कुठं लिहिलंय?”

खरंच, मागायचंच राहून गेलं होतं. मग मी एकच ओळ लिहून दिली. बाई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून स्वतः उठल्या आणि पंखा लावला.

ही त्यांची शिकवण्याची रीत. आम्ही जे लिहू ते तंतोतंत पाळायचं. कुणी नुसतं ‘पाणी आणा’ लिहिलं तर बाई तांब्या घेऊन उभ्याच राहायच्या, कुणाला द्यायचं ते लिहून मिळेपर्यंत. हसून हसून आमची पोटं दुखायची. चूक दाखवणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले. चुकीप्रमाणे वागून दाखवणाऱ्या या एकच. एवढा धीर माणसाच्या अंगी येतो कुठून, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

पुढे ती जागा मला मिळाली, पण तात्पुरती. एका दुपारी गोदामातलं कूलिंग मशीन बंद पडलं. आत पुढच्या हंगामाचं बियाणं होतं. ऊब लागली तर ते उगवणार नाही. हैदराबादचे साहेब फोनवर म्हणाले, मेल आल्याबिगर माणूस पाठवता येत नाही. मी रडकुंडीला येऊन बाईंना फोन केला. म्हणालो, जल्दी सांगा, मी उतरवून घेतो.

“मी सांगितलं तर मशीन चालू होईल, पण जागा तुमची राहणार न्हाई. तुम्ही लिहा. मी फोन ठेवत न्हाई.”

आणि खरंच त्यांनी ठेवला नाही. पलीकडे कुकरची शिट्टी होत होती, पण बाई एक शब्द बोलल्या नाहीत. मी नमस्कार-चमत्कार लिहिले आणि खोडले. मग पहिल्याच ओळीत मागितलं, आजच मेकॅनिक पाठवा. खाली कारण लिहिलं, मशीन बंद आहे, बियाणं खराब होईल. बस्स. वाचून दाखवू का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, मला कशाला, ज्यांनी करायचं त्यांना पाठवा. दिवस मावळायच्या आत त्यांनी जवळच्या शहरातून धाडलेला मेकॅनिक दारात हजर होता. बियाणं वाचलं आणि जागा पक्की झाली. मला नवल त्या मेलचं वाटत नाही. उत्तर ओठावर असताना माझ्यासाठी गप्प राहिलेल्या बाईंचं वाटतं, आणि ते आठवलं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात शुभेच्छा लिहायच्या, तर माझी प्रस्तावनाच इतकी लांबली. बाई वाचतील आणि विचारतील, मी काय करू ते कुठं लिहिलंय? म्हणून त्यांनीच शिकवलेल्या इंग्रजीत लिहितो: प्लीज लिव्ह अ हंड्रेड इयर्स, इन गुड हेल्थ. कारण : ओसरी अजून भरलेली असते.

बाई, मागायचं ते या वेळी राहून गेलेलं नाही. आता लिहिलंय तसं करा.